शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड जॅझ चौकडीसाठी बसवतोय: पट्टी, लय आणि भाव किती बदलावा?

पियानोवाली_पुणे

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा गट आहे. मी पियानोवर, जोडीला टेनर सॅक्सोफोन, बेस गिटार आणि ड्रम्स. एरवी आम्ही जॅझमधले नेहमीचे स्टँडर्ड वाजवतो. येत्या कार्यक्रमात शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड घ्यायचा असं ठरलंय. ओपस २८ या संचामधला चौथा. पानभराचाच तुकडा, २५ बार (ठोक्यांचे सारखे गट). डाव्या हातात प्रत्येक बारला आठ सारखे ठोके आणि उजव्या हातात जेमतेम हलणारी सुरावट. मला तो शाळेत असल्यापासून पाठ आहे आणि फार जवळचा आहे. म्हणूनच तो चौघांत वाटताना जीव खालीवर होतोय.

पहिला वाद पट्टीचा. टेनरवाला म्हणतो, डी मायनरला घेऊ. माझ्या कानाला हा तुकडा ई मायनरच आहे. डी मायनरला वाजवून पाहिला तर ओळखीच्या माणसाचा आवाज बसल्यासारखा वाटला.

दुसरा वाद लयीचा. ड्रमरला बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचा तो सरळ, मऊ ठेका हवाय, मेट्रोनोम १३२ वर. शोपाँनं लार्गो, म्हणजे अगदी संथ, लिहिलंय, मी घरी क्वार्टर नोट (बारचा चौथा हिस्सा) ६६ च्या आसपास ठेवते. १३२ ला सुरावट धावत सुटते आणि तिच्यातलं सगळं दुःख सांडून जातं.

तिसरा प्रश्न या दोन्हींमधून निघतो. भाव मूळचाच ठेवायचा, तर चार वाद्यांची गरज काय? आणि बदलायचा, तर मग हाच तुकडा का घ्यायचा? गटात एकाचं मत आहे की जॅझ म्हणजे थोडं खेळकर व्हायलाच हवं. मला हा तुकडा खेळकर झालेला बघवणार नाही.

पाश्चात्त्य शास्त्रीय तुकडा जॅझमध्ये बसवण्याचं काम कुणी केलं असेल, तर सुरुवात कुठून करता? आधी पट्टी, आधी लय, की आणखी काही?

पेटी_सांगली

मी पेटीवर साथ करतो, त्यामुळे पट्टीवरून एवढा वाद का, हे मला कळत नाही. गाणारी बाई काळी चारला गाते, तोच राग बुवा काळी एकला गातात. यमन यमनच राहतो. तुमच्या सॅक्सोफोनवाल्याला पांढरी तीन, म्हणजे तुमचा ई, गैरसोयीची असेल तर पांढरी दोन, म्हणजे डी घ्या. एका पूर्ण स्वराचाच फरक आहे, ऐकणाऱ्याला सुरांमधलं अंतर ऐकू येतं, ते तेच राहणार.

लयीबद्दल मात्र तुमच्या बाजूनं आहे. बडा ख्याल द्रुत लयीत कुणी म्हणायला लागलं तर तो बडा ख्याल राहील का?

वसईचा_टेनर

पियानोवाली ताई, तुम्ही विचारलंय तेच काम मी करत आलोय. मी वसईचा. आधी लग्नाच्या बँडमध्ये, पुढे मुंबईच्या हॉटेलांत टेनर वाजवला, आता चर्चच्या क्वायरसाठी आणि गावातल्या पोरांच्या बँडसाठी चार्ट, म्हणजे वादकांसमोर ठेवायचे कागद, लिहितो. त्यामुळे सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सुरुवात पट्टीपासून नको आणि लयीपासूनही नको. आधी हे ठरवा की या तुकड्यात कोणती गोष्ट गेली तर तुकडाच गेला. माझ्या मते ती सुरावट नाही. सुरावट म्हणजे बराच वेळ बी आणि सी, बी आणि सी, एवढंच. खरा तुकडा डाव्या हातात आहे. पहिल्या बारला तळाशी जी, मग एफ शार्प, मग एफ, मग ई. आणि वरचे दोन सूर त्याच्याबरोबर उतरत नाहीत. एक थांबतो, दुसरा अर्ध्या स्वरानं खाली येतो, मग पहिला येतो. तिन्ही आवाज वेगवेगळ्या वेळी खचत जातात. उजवा हात वर बी धरून बसलेला असतो आणि खालची जमीन सरकत असते. दुःख म्हणता ते इथे आहे.

म्हणून पहिली सूचना अशी, की या तुकड्याचा चार्ट नुसती कॉर्डची नावं लिहून करू नका. पियानोवाल्याला ‘ई मायनर’, ‘एफ सेव्हन’ असं लिहून दिलं की त्याचा हात सवयीनं आपल्या सोयीचा कॉर्ड पकडणार. मग प्रत्येक कॉर्ड बरोबर असेल, पण एकातून दुसऱ्यात झिरपणं नाहीसं होईल. इथे तुम्ही स्वतःच पियानोवर आहात हे चांगलं आहे. डावा हात शोपाँनं लिहिलाय तसाच ठेवा, सूर न् सूर. उजवा हात सुरुवातीला मांडीवर. सुरावट टेनरला द्या.

बेसवाल्यालाही एक गोष्ट सांगा. तळाची ओळ त्यानं वाजवायची, पण सगळ्यात खालच्या जीपासून नको. तिथून निघाला तर जी, एफ शार्प, एफ, ई करत मोकळ्या ई तारेवर पोहोचेल आणि पुढे खाली जायला वाद्यच उरणार नाही. त्याला डी तारेच्या पाचव्या पडद्यावरून सुरू करायला लावा. तिथून पुढची सगळी उतरण त्याला मिळते. आणि तो वाजवत असताना तुम्ही तोच सूर पियानोच्या अगदी खालच्या सप्तकात दुणवू नका, चिखल होतो.

आता पट्टी. पेटीवाले दादा म्हणतात ते गळ्याच्या बाबतीत खरं आहे, कारण तिथे सा गळ्याच्या सोयीनं ठरतो. सॅक्सोफोनला मात्र शरीर आहे आणि त्यात एक सांधा आहे. टेनर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर एवढा खाली बोलतो, म्हणजे तुमचा ई मायनर त्याच्या कागदावर एफ शार्प मायनर होतो आणि तुमचे बी-सी त्याचे सी शार्प आणि डी होतात. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, मधल्या सप्तकातला सी शार्प म्हणजे सगळी बोटं उघडी. सूर बारीक, थोडा भरकटणारा. आणि लगेच वरचा डी म्हणजे सहाही बोटं खाली, वर ऑक्टेव्हची कळ. नळी क्षणात पूर्ण उघडी, क्षणात जवळपास पूर्ण बंद. या सांध्यावरून एखाद्या वेळी उडी मारणं कठीण नाही. पण हा तुकडा याच दोन सुरांवर तग धरून असतो! ज्या जागी आवाज सगळ्यात सलग हवा, नेमक्या त्याच जागी वाद्य तुटतं. एक सप्तक वर घेतलं तर सी शार्पवरून पाम कीच्या, म्हणजे तळहातानं दाबायच्या कळीच्या डीवर जावं लागतं, तिथे आवाज ओरडका होतो, आणि मुख्य म्हणजे टेनरची छाती निघून जाते.

डी मायनरला घेतलं की त्याच्या कागदावर ई मायनर येतो आणि सुरावट बी आणि सी होते. म्हणजे तो शोपाँच्या पानावरचे उजव्या हाताचे सूर जसे छापलेत तसेच वाचेल. बी एका बोटाचा, सी एका बोटाचा, दोन्ही एकाच दालनात, वाद्याच्या अगदी गोड भागात. तुमचा टेनरवाला आळशीपणानं मागत नाहीये, त्याच्या बोटांना हे कळलेलं आहे. त्याच्या मागणीला माझा पाठिंबा.

अल्टो, म्हणजे टेनरहून लहान सॅक्सोफोन असता तर मी उलट सांगितलं असतं. अल्टोवर तुमचे बी-सी जी शार्प आणि ए होतात, तिथे सांधा नाही, ई मायनर खुशाल ठेवा. जेरी मलिगन या जॅझमधल्या बॅरिटोन सॅक्सोफोनवाल्यानं १९६३ साली ‘नाइट लाइट्स’ या रेकॉर्डवर हाच प्रेल्यूड बोसामध्ये घेतला आणि नावही ‘प्रेल्यूड इन ई मायनर’ असंच ठेवलं. त्याचा बॅरिटोन अल्टोच्याच कुटुंबातला, ई फ्लॅटचा. तो निर्णय त्यानं याच कारणानं घेतला असं मी म्हणत नाही, पण ती पट्टी त्या वाद्याला आडवी येत नाही एवढं नक्की.

पट्टी बदलणं हा शास्त्रीय संगीताचा अपमान वाटत असेल तर बाखचा ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ आठवा. बाखनं तो तिसऱ्या ऑर्केस्ट्रा सुइटमध्ये (सुइट म्हणजे तुकड्यांची माला) डी मेजरला लिहिला. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट विल्हेल्मी या व्हायोलिनवादकानं तो सी मेजरला उतरवला, कारण त्याला सगळी सुरावट एकाच जाड तारेवर वाजवायची होती. त्या तारेचा गडद आवाज हवा होता म्हणून पट्टी गेली, आणि आज सगळं जग तुकड्याला त्याच तारेच्या नावानं ओळखतं. पट्टी वाद्याच्या आवाजासाठी बदलली तर ते काम संगीताचं आहे.

लय. तुम्ही ६६ म्हणता आणि ड्रमर १३२ म्हणतो. कागदावर बघा, एक आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट आहे. तुमचं भांडणच नाहीये! शोपाँचा एक बार म्हणजे बोसाचे दोन बार धरा. ६६ ला चार ठोक्यांना जेवढा वेळ लागतो, तेवढाच १३२ ला आठ ठोक्यांना लागतो, साडेतीन सेकंदांच्या थोडा वर. म्हणजे कॉर्ड तुमच्याच वेळेला खचतील, सुरावट तुमच्याच वेळेला उसासा टाकेल, आणि ड्रमर मात्र खालून दुगुनीत चालेल. शोपाँचे डाव्या हाताचे आठ ठोके तेच बोसाच्या दोन बारचे आठ ठोके. हे दोन्ही इतके नेमके जुळतात की हा तुकडा बोसासाठी का निवडला जातो ते लक्षात येतं. दोन्हीकडे ठोके सरळ आहेत. स्विंग करू नका, एक लांब एक आखूड असं केलं की डाव्या हाताची ती एकसुरी चाल मोडते.

सुरावट धावते असं तुम्हाला वाटलं, कारण तुम्ही बहुधा शोपाँचा एक बार बोसाच्या एका बारमध्ये कोंबला. ते करू नका. पेटीवाल्या दादांना हे पटेल: ख्याल विलंबितच राहतो, तबल्याची लय आतून भरलेली असते.

भावाबद्दल मी एका उदाहरणावर थांबतो, कारण माझ्या लेखी याहून चांगला धडा नाही. चायकॉव्हस्कीनं १८९१ साली पॅरिसमध्ये सेलेस्टा हे नवं वाद्य ऐकलं आणि आपल्या प्रकाशकाला बजावलं की हे कुणाला दाखवू नकोस, रिम्स्की-कॉर्साकॉव्ह आणि ग्लाझुनॉव्हच्या कानावर गेलं तर ते आधी वापरतील. मग १८९२ च्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेमध्ये शुगर प्लम परीच्या नाचाला त्यानं ते दिलं. ई मायनर, काचेच्या घंटांसारखा आवाज, आणि खालून बास क्लॅरिनेटची घसरती उत्तरं. १९६० साली जॅझ बँड चालवणारा ड्यूक एलिंग्टन आणि त्याचा साथीदार बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘नटक्रॅकर’चा सुइट आपल्या बँडसाठी नव्यानं लिहिला. परीचा नाच झाला ‘शुगर रम चेरी’. सेलेस्टा गेली. पॉल गोन्साल्विसचा टेनर आला, श्वासासकट. खाली ड्रम्सची जड, कूर्मगतीची थाप. सुरावट ओळखू येते, पण परीच्या जागी आता रात्री उशिरा चालत येणारी बाई आहे. (गोन्साल्विस आडनावावरून आपल्याकडे पुष्कळांना तो गोव्याचा वाटतो. त्याचे आईवडील केप व्हर्देचे, तो स्वतः मॅसॅच्युसेट्सचा.)

मी हे वारंवार ऐकलंय आणि मला जे ऐकू येतं ते असं: त्यांनी भाव बाहेरून आणून चिकटवला नाही. मूळ तुकड्यात बास क्लॅरिनेट जे बोलत होता, तो खालचा, थोडा धोकादायक रंग, तोच त्यांनी वर काढला आणि घंटा बाजूला ठेवल्या. तुमच्या प्रेल्यूडमध्ये खेळकरपणा कुठेच नाही, तर तो आणू नका. पण त्यात दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट आहे, हट्ट. तो वरचा बी जागा सोडत नाही. टेनरला तो हट्ट वाजवू द्या. तुमच्या पियानोवर तो सूर दाबल्यावर विझायला लागतो. टेनरवर तो वाढवता येतो, श्वासानं फुगवता येतो. चार वाद्यं कशाला, याचं उत्तर मला इथे दिसतं.

सोलोसाठी पहिले १२ बारच वापरा. तुकडा तिथे नैसर्गिकरीत्या अर्ध्यावर येतो. दुसऱ्या अर्ध्यातला तो उसळणारा भाग, साधारण सोळाव्या बारपासून, फक्त शेवटच्या फेरीत एकदाच. तो सोलोत दर खेपेला वाजला तर त्याची किंमत राहत नाही.

बाई_नागपूर

मी पियानो शिकवते आणि मला या सगळ्याबद्दल गंभीर शंका आहेत, त्या मांडते.

आधी लयीचं. शोपाँनं लार्गो लिहिलंय, पण त्याबरोबर आल्ला ब्रेव्हेची खूण आहे, बारला दोनच ठोके मोजायचे. ६६ क्वार्टर म्हणजे हाफ नोट ३३. माझ्या मते हे ओढल्यासारखं आहे. माझ्याकडचे विद्यार्थीही हा तुकडा असाच रडवेला करतात. दोनात मोजला की सुरावट एका श्वासात पुढे जाते आणि दुःख आपोआप येतं, आणावं लागत नाही. तेव्हा दुप्पट करण्याआधी मूळ आकडाच तपासा.

दुसरं, पट्टी. ओपस २८ मध्ये २४ प्रेल्यूड आहेत, प्रत्येक पट्टीला एक, आणि क्रम ठरलेला: सी मेजर, ए मायनर, जी मेजर, ई मायनर. तिसरा जी मेजरचा, झऱ्यासारखा वाहणारा, आणि त्याच्यापाठोपाठ हा. ई मायनर ही या तुकड्याची जागा आहे. वसईच्या दादांनी सॅक्सोफोनच्या बोटांबद्दल जे लिहिलंय ते मला नवीन होतं आणि पटलंही, पण त्यावरून तुकडा हलवावा हे पटत नाही. मग वाद्य बदला.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हा तुकडा शोपाँच्या अंत्यविधीला वाजला होता. ३० ऑक्टोबर १८४९, पॅरिसमधलं मादलेन चर्च. अशा तुकड्याखाली सतत एकसारखा ठेका चालू ठेवायचा म्हणजे त्यातला रुबाटो, म्हणजे लय थोडी मागेपुढे ताणायची सूट, संपला. जिथे थबकायचं तिथे ड्रमर थबकू देणार नाही. हे मला बघवत नाही.

वसईचा_टेनर

बाई, तुमचा पहिला मुद्दा मी बिनशर्त घेतो. पियानोवाली ताई, ७२ करून बघा, म्हणजे बोसा १४४. त्याच्यावर नको, ड्रमरच्या हाताला मग धावायची इच्छा होते.

मादलेनमध्ये तो वाजला हे खरं, पण कशावर वाजला? ऑर्गनवर. लफेब्युर-वेलीनं ई मायनर आणि बी मायनर हे दोन प्रेल्यूड त्या दिवशी ऑर्गनवर वाजवले. ऑर्गनचा सूर पियानोसारखा विझत नाही, बोट उचलेपर्यंत तसाच उभा राहतो. छापून दहा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तुकड्यानं वाद्य बदललं होतं, तेही खुद्द शोपाँला निरोप देताना. त्याच दिवशी त्याचा फ्युनरल मार्च ऑर्केस्ट्रावर वाजला, मूळचा तोही पियानोचा. त्यानंतर तोच मार्च एलिंग्टननं १९२७ साली ‘ब्लॅक अँड टॅन फॅन्टसी’च्या शेवटच्या ओळीत आणला, ट्रम्पेटवाला बबर मायली याच्याबरोबर रचलेल्या ब्लूजच्या शेपटाला. ब्लूज ऐकत ऐकत आपण एकदम शवयात्रेत पोहोचतो. त्यात थट्टा नाही असं मला नेहमी वाटत आलंय.

२४ प्रेल्यूडच्या क्रमाबद्दल: पूर्ण ओपस वाजवत असाल तर एकही पट्टी हलवू नये, याला माझी मान्यता आहे. पण हा तुकडा एकटा वाजणार आहे. त्याच्याआधी जी मेजरचा झरा नाही. तुमच्या कार्यक्रमात त्याच्याआधी काय आहे, त्यावर डी मायनर कसा लागेल ते ठरेल. म्हणून पियानोवाली ताई, आधीचं गाणं एफ मेजर किंवा ए मायनरला संपत असेल तर डी मायनर सहज उघडेल.

रुबाटोचं मात्र मी नीट उत्तर देऊ इच्छितो, कारण इथे शोपाँ आणि जॅझ एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात. शोपाँच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवलंय की त्याचा आग्रह असा असे: डावा हात लयीत पक्का, ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरसारखा, आणि सूट घ्यायची ती उजव्या हातानं. म्हणजे खालचा ठेका थांबत नाही, वरचा गाणारा सूर मागे रेंगाळतो किंवा आधी येतो. आता बिली हॉलिडे ऐका. लेस्टर यंगचा टेनर ऐका. खाली ऱ्हिदम घड्याळासारखा आणि वर गाणारी व्यक्ती ठोक्याच्या मागे राहून आपलं म्हणणं मांडते. तिथे ड्रमर थबकला तर उलट बिघडेल. मागे राहायला मागे राहण्याजोगं काहीतरी सरळ चाललेलं हवं. माझं ठाम मत आहे की शोपाँच्या या शिकवणीला बोसाचा सरळ ठेका विरोध करत नाही. तुमच्या टेनरवाल्याला सांगा, कागदावरची वेळ पाळू नको. बी उशिरा घे. सी आणखी उशिरा.

पेटी_सांगली

हे वाचून मी मलिगनची ती रेकॉर्ड लावली. त्यात गिटार जिम हॉलची आहे ना? ती गिटार फार हळुवार आहे, ठेका देते पण टोचत नाही. पट्टीचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण वाद्यातल्या सांध्याची गोष्ट समजली. बासरीवाले ठरावीक स्वराच्या संगतीसाठी वेगळी बासरी उचलतात, त्यातलाच प्रकार दिसतो.

वसईचा_टेनर

होय, जिम हॉलच. ट्रम्पेट आर्ट फार्मर, ट्रोम्बोन बॉब ब्रुकमायर, बेस बिल क्रो, ड्रम्स डेव्ह बेली. ड्रमरला डेव्ह बेलीच ऐकवा, किती कमी वाजवतो बघा. १९६३ म्हणजे अमेरिकेत बोसाची लाट जोरात होती, स्टॅन गेट्झ आणि चार्ली बर्डचा ‘जॅझ सांबा’ आदल्याच वर्षी आला होता. त्या लाटेत पुष्कळ पाणचट काम झालं. हे टिकलं.

पियानोवाली_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रिहर्सल झाली, काय झालं ते सांगते.

पट्टी डी मायनर केली. टेनरवाल्यानं माझंच शोपाँचं पान स्टँडवर ठेवलं आणि उजव्या हाताची ओळ जशीच्या तशी वाजवली. पहिला सूर आला आणि माझा विरोध तिथेच संपला. तो आवाज ई मायनरमध्ये त्याच्याकडून येतच नव्हता. माझ्या कानाला डी मायनर अजून परका आहे, पण तो परकेपणा मला आता हवासा वाटायला लागलाय. मी हा तुकडा इतका वाजवलाय की मला तो ऐकूच येईनासा झाला होता.

लय १४४ दुगुनीत, म्हणजे माझी ७२. ६६ पेक्षा चांगली आहे, नागपूरच्या बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. ड्रमर खूश आहे आणि मीही.

बाईंच्या रुबाटोच्या आक्षेपाचा मान ठेवून एक केलं. पहिले १२ बार मी एकटी वाजवते, दोन्ही हातांनी, ठेका नाही, मोकळं. मग बेस येतो, मग ड्रम्सवर ब्रश, आणि तेव्हा टेनर पहिल्यापासून सुरावट घेतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी शोपाँ भेटतो.

आता अडलोय शेवटावर. तेविसाव्या बारला तो विचित्र कॉर्ड आहे, मूळ पट्टीत तळाशी बी फ्लॅट, मग विरामाची खूण असलेली शांतता, आणि मग तीन हळू कॉर्ड. आमच्या हातून तिथे ठेका तुटल्यासारखा वाटतो. ड्रमर म्हणतो, ठेका चालू ठेवून हळूहळू विझवू. बेसवाला म्हणतो, शेवटचा कॉर्ड मेजर करू, बाखसारखा. मला दोन्ही पटत नाहीयेत, पण तिसरं काही सुचत नाही.

बाई_नागपूर

मेजर अजिबात नको. शोपाँला मेजर हवा असता तर त्यानं लिहिला असता. विद्यार्थ्यांना मी त्या तीन कॉर्डसाठी एवढंच सांगते की तिन्ही पियानिसिमो, म्हणजे अगदी हलक्या आवाजाचे आहेत, तरी वरचा सूर ऐकू आला पाहिजे, आणि शांततेत पाय पेडलवर ठेवायचा नाही.

पहिले १२ बार एकटीनं वाजवायचा निर्णय आवडला. कार्यक्रम झाला की रेकॉर्डिंग इथे टाका, मला खरोखर ऐकायचं आहे.

वसईचा_टेनर

बाईंशी सहमत, मेजर नको. विझवत नेणंही नको, ती रेकॉर्डिंग स्टुडिओतली सोय आहे, मंचावर चार माणसं हळूहळू गप्प होताना विचित्र दिसतात.

मी असं करेन. ठेका एकविसाव्या बारच्या शेवटी थांबवायचा, विरामाच्या कॉर्डवर नाही. म्हणजे ब्रश आधी उचलले जातात, बाविसावा बार टेनर आणि पियानो दोघंच, आणि त्या विचित्र कॉर्डपर्यंत पोहोचताना खालून आधार आधीच गेलेला असतो. आता तुम्हाला ठेका तुटल्यासारखा वाटतो, कारण तो कॉर्ड आणि ड्रम्स एकाच क्षणी थांबतात. त्या कॉर्डचा तळाचा सूर, तुमच्या नव्या पट्टीत ए फ्लॅट, बेसवाल्याला गजानं वाजवता आला असता तर बहार होती. बेस गिटारवर बोटाच्या मांसल भागानं, नखाचा आवाज न येऊ देता घ्यायला सांगा. टेनर त्या कॉर्डवर नाहीच. शांतता मोजायची नाही, तुम्ही मान हलवाल तेव्हा पुढे.

तीन कॉर्ड तुम्ही एकटीनं वाजवा असं आधी लिहिणार होतो, पण त्यापेक्षा हे बघा: पहिले दोन तुम्ही एकट्या, आणि शेवटच्या डी मायनरवर टेनर खालच्या सप्तकातला एफ घेईल, जवळजवळ नुसत्या श्वासाचा. त्याच्या कागदावर तो जी आहे. तिसरा स्वर तोच, मायनर तोच ठरवतो, त्यामुळे बेसवाल्याचा मेजरचा प्रश्नही तिथे मिटतो. रीड जरा मऊ लावायला सांगा, अडीचची असेल तर बरं. कडक रीडवर तो सूर इतक्या हळू सुरू होत नाही.